वादळ गेल्यावर नोकऱ्या मोजायच्या कशा?

२०१७ च्या सप्टेंबर महिन्याचा अमेरिकेचा रोजगाराचा रिपोर्ट आला तेव्हा त्यात पहिल्याच पानावर तीन गोष्टी होत्या आणि तिन्हींचं एकमेकींशी अजिबात पटत नव्हतं. एक, महिन्याभरात देशातल्या ३३ हजार नोकऱ्या कमी झाल्या. दोन, बेरोजगारीचा दर ४.४ वरून ४.२ टक्क्यांवर उतरला. तीन, तासाची सरासरी मजुरी १२ सेंटनी वाढली. आता नोकऱ्या गेल्या, बेरोजगारही कमी झाले आणि वर मजुरीही वाढली, हे सगळं एकाच महिन्यात कसं होईल? पण झालं होतं, आणि तिन्ही आकडे आपापल्या रीतीने नीट मोजलेलेही होते. त्याचं कारण हार्वी आणि इर्मा ही दोन हरिकेन्स. हरिकेन म्हणजे आपलं चक्रीवादळच, अटलांटिकात झालं की हरिकेन म्हणायचं, आपल्याकडच्या समुद्रात झालं की सायक्लोन. हार्वी २५ ऑगस्टला टेक्सासला धडकलं, इर्मा १० सप्टेंबरला फ्लोरिडाला, आणि या १० सप्टेंबर तारखेतच सगळी गोम आहे.

अमेरिकेत नोकऱ्या मोजायचे दोन मोठे सर्व्हे आहेत. एक कंपन्यांना विचारतो, दुसरा घराघरात विचारतो. कंपन्यांना विचारतात की महिन्याची १२ तारीख ज्या पगाराच्या हप्त्यात येते त्या हप्त्यात तुम्ही किती जणांना पैसे दिलेत. त्या हप्त्यात एक तास जरी काम केलं आणि त्याचे पैसे मिळाले तरी तो माणूस मोजला जातो, पण एकही पैसा मिळाला नाही तर तो त्या यादीत नाही.

हे जवळून बघू. फ्लोरिडात समोरासमोर दोन हॉटेलं आहेत असं धरा, दोन्हीकडे एकेक बाई वेट्रेस आहे. पहिल्या हॉटेलात पगार दर आठवड्याला होतो, म्हणजे तिचा हप्ता रविवार १० ते शनिवार १६ सप्टेंबर. इर्मा आलं, लाईट गेली, आठवडाभर हॉटेल बंद, पगार शून्य. सरकारी हिशोबात तिची नोकरी गेली. समोरच्या हॉटेलात पगार पंधरा दिवसांनी होतो, म्हणजे तिचा हप्ता ३ ते १६ सप्टेंबर. पहिले चार दिवस ती कामावर होती, मग वादळाचा इशारा आला आणि तेही हॉटेल बंद झालं. तिला चार दिवसांचे पैसे मिळाले म्हणून तिची नोकरी शाबूत. दोघीही अंधारात घरी बसल्यात, दोघींच्या फ्रीजमधलं सगळं खराब झालंय, दोघींना घरभाड्याची चिंता आहे, पण एक मोजली गेली आणि एक नाही. वादळ १० तारखेला न येता २० तारखेला आलं असतं तर दोघीही त्या महिन्याच्या हिशोबात धडधाकट नोकरीवर दिसल्या असत्या.

आता घराघरातला सर्व्हे. तिथे माणसाला विचारतात की बाबा, तुला नोकरी आहे का, आणि आहे तर १२ तारखेच्या आठवड्यात कामावर गेला होतास का. तो म्हणाला की नोकरी आहे पण खराब हवामानामुळे जाता आलं नाही, तर तो नोकरदारच धरतात, पगार मिळाला असो नसो. त्या सप्टेंबरमध्ये असं सांगणारे सुमारे १५ लाख लोक निघाले. म्हणजे पहिली वेट्रेस कंपन्यांच्या सर्व्हेत गायब आणि घराच्या सर्व्हेत हजर. म्हणून एकीकडे नोकऱ्या घटलेल्या दिसल्या आणि दुसरीकडे बेरोजगारी वाढलेली दिसलीच नाही.

आणि मजुरी वाढली ती कशी? त्या महिन्यात हॉटेलं, रेस्टॉरंट, बार यांच्यातल्या १ लाख ५ हजार नोकऱ्या कमी झालेल्या दिसल्या. हे सगळे कमी पगाराचे लोक. चाचणीच्या दिवशी वर्गातली कच्ची मुलं गैरहजर राहिली की वर्गाची सरासरी आपोआप वर जाते, कुणी एका मार्काचाही जास्त अभ्यास केलेला नसतो, तसंच झालं. ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं तेच सरासरीतून बाहेर पडले आणि त्यामुळे उरलेल्यांचं चित्र छान दिसायला लागलं.

हे वाक्य मी मुद्दाम लिहिलंय कारण मला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. मोजणी उत्तर देणाऱ्यांची होते. वादळ ज्याला सगळ्यात जोरात लागतं तो उत्तर द्यायला जागेवर नसतो. पुढचं जे काही सांगतोय ते सगळं याच्याभोवती फिरतं.

पुढच्याच महिन्यात हॉटेल-रेस्टॉरंटच्या ८९ हजार नोकऱ्या परत आलेल्या दिसल्या आणि सप्टेंबरचा तो उणे ३३ हजारचा आकडा सुधारून अधिक १८ हजार केला गेला. मथळे मात्र आधीच छापून झाले होते. म्हणून वादळाच्या महिन्यातल्या पहिल्या आकड्यावर मी तरी कधी फार विसंबत नाही, दोन महिने थांबून बघावं.

आता हे झालं आठवडाभर दार बंद राहण्याबद्दल. शहरच उठून गेलं तर? २९ ऑगस्ट २००५ ला कतरिना आलं, न्यू ऑर्लीन्सचे बांध फुटले आणि शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. घराघरातल्या सर्व्हेची यादी असते पत्त्यांची. ठरलेल्या पत्त्यावर जायचं आणि तिथे राहतो त्याला विचारायचं. आता त्या पत्त्यावर घर आहे पण छतापर्यंत चिखल आहे, राहणारा ह्यूस्टनच्या स्टेडियममध्ये नाहीतर अटलांटाच्या मोटेलमध्ये आहे, आणि शेल्टर किंवा हॉटेल हे काही सर्व्हेच्या यादीतलं घर नाही. म्हणजे ज्याची नोकरी नक्की गेलीय तोच सर्व्हेच्या बाहेर. जे चुलतभावाकडे, मेव्हण्याकडे दुसऱ्या राज्यात जाऊन राहिले ते त्या घराच्या पत्त्यावर सापडायचे, पण तिथे ते टेक्सासचे बेरोजगार किंवा जॉर्जियाचे बेरोजगार म्हणून नोंदले जायचे, न्यू ऑर्लीन्स ज्या राज्यात आहे त्या लुइझियानाच्या खात्यात नाहीच.

मग ऑक्टोबर २००५ पासून त्या सर्व्हेत देशभर सगळीकडेच आणखी काही प्रश्न जोडले: कतरिनामुळे घर सोडावं लागलं का, कुठून आलात, परत गेलात का. साधे प्रश्न, पण त्यामुळे चित्र एकदम उलगडलं. वादळात घर सोडलेले १६ वर्षांवरचे सुमारे १५ लाख लोक निघाले, आणि जे परत आपल्या गावी गेले त्यांच्यापेक्षा जे परत जाऊ शकले नाहीत त्यांच्यातली बेरोजगारी दुपटीहून जास्त होती. नुसत्या न्यू ऑर्लीन्सचा दर बघत बसलो असतो तर हे कधीच कळलं नसतं, कारण बेरोजगारीचा दर म्हणजे शेवटी भागाकार आहे, वर बेरोजगार आणि खाली काम करणारे अधिक काम शोधणारे. बेरोजगार माणूस गाव सोडून गेला की तो वरूनही जातो आणि खालूनही जातो, आणि दर सुधारतो. २००० च्या जनगणनेत न्यू ऑर्लीन्सची लोकसंख्या ४,८४,६७४ होती, २०१० मध्ये ३,४३,८२९. एवढी माणसं कमी झालेल्या शहराचा दर कितीही छान दिसला तरी त्याला सुधारणा म्हणायला जीभ रेटत नाही.

मग खरा हिशोब कुठे सापडतो? कंटाळवाण्या कागदांत. अमेरिकेत प्रत्येक मालकाला बेरोजगारी विम्यासाठी दर तिमाहीला कर भरावा लागतो आणि त्या फॉर्मवर किती माणसं आणि किती पगार दिला हे लिहावं लागतं. हा सर्व्हे नाही, जवळजवळ पूर्ण मोजणी आहे, देशातल्या ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या यात येतात. शिवाय दुकानाचा, कारखान्याचा पत्ता असतो, त्यामुळे नकाशावर पुराची हद्द आखायची आणि त्याच्या आत किती आस्थापनं, किती कामगार, किती पगार पडतो ते थेट मोजायचं. याच कागदांवरून काढलं की नोव्हेंबर २००५ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा सुमारे १ लाख ५ हजार नोकऱ्या कमी होत्या, आणि पहिल्या दहा महिन्यांत मिळून अंदाजे २.९ अब्ज डॉलरचा पगार बुडाला. तोटा एवढाच की हे आकडे यायला सहा महिने लागतात आणि जो स्वतःचंच काम करतो, पेंटर, मासेमार, रस्त्यावर वाजवणारा, तो यात नाही, आणि न्यू ऑर्लीन्ससारख्या गावात वाजवणारे काय थोडे आहेत का.

बरं, आदल्या वर्षाशी तुलना केली की झालं का? नाही ना. वर्षभरात वादळ सोडून इतरही शंभर गोष्टी होतात. इथे अर्थशास्त्रवाले एक युक्ती वापरतात, तिचं नाव अवघड आहे पण गोष्ट साधी आहे, दोन फरकांमधला फरक काढायचा. समजा वादळ लागलेल्या जिल्ह्यात, म्हणजे त्यांच्या काऊंटीत, नोकऱ्या १०० च्या ९४ झाल्या. आणि तशाच दुसऱ्या काऊंटीत, जिथे वादळ गेलंच नाही, तिथे १०० च्या १०३ झाल्या. मग वादळाचं नुकसान ६ नाही, ९ आहे, कारण वादळ आलं नसतं तर इथेही १०३ झाल्या असत्या असं आपण धरतो. सगळी मदार या धरण्यावर आहे. तशीच दुसरी काऊंटी म्हणजे कुठली? शेजारची घेतली तर फसाल. न्यू ऑर्लीन्स रिकामं झालं तेव्हा लोक बॅटन रूजला गेले, तिथली दुकानं भरली, भाडी वाढली, शाळांत मुलं मावेनात. त्याच्याशी तुलना केली तर न्यू ऑर्लीन्सचं नुकसान आहे त्याहून मोठं दिसणार, कारण एकाचा तोटा दुसऱ्याच्या फायद्यात जाऊन बसलाय. लांबची घेतली तर तिची अर्थव्यवस्थाच वेगळी, इथे पर्यटन आणि बंदर, तिथे मका. म्हणून या कामात अर्धी अक्कल तुलना कुणाशी करायची हे निवडण्यात जाते.

वादळाचा जोर कसा मोजायचा हाही प्रश्नच आहे. विमा कंपन्यांनी किती पैसे दिले हे बघितलं तर श्रीमंत किनाऱ्यावर जास्त नुकसान दिसतं, कारण तिथे घरं महाग आणि विमा काढलेला, आणि गरीब वस्तीत विमाच नाही म्हणून नुकसान कमी. सरकारने आपत्तीग्रस्त जाहीर केलेल्या काऊंटी घेतल्या तर अख्खी काऊंटी एका रंगात रंगते, जिथे अर्ध्या भागात पानही हललेलं नसतं. म्हणून हवामान खात्याचा वाऱ्याचा वेग आणि पाणी कुठवर चढलं हे घेतलेलं बरं, वारा काही कुणाची ऐपत बघून वाहत नाही.

दोन कारणं एकाच वेळी आली की तर डोकंच चालत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री मिल्टन हे हरिकेन फ्लोरिडाला लागलं, म्हणजे पुन्हा बरोबर मोजणीच्या आठवड्यातच, आणि त्याच्या दोन आठवडे आधी हेलीन येऊन गेलं होतं. त्या महिन्यात देशात फक्त १२ हजार नोकऱ्या वाढल्याचं पहिल्यांदा सांगितलं गेलं. पण त्याच महिन्यात विमानं बनवणाऱ्या कारखान्यात मोठा संपही चालू होता. यातलं संपाचं किती आणि वादळाचं किती? संपकऱ्यांची यादी असते म्हणून तो भाग वेगळा काढता येतो, वादळाची यादी कुठून आणणार. आकडे काढणाऱ्या खात्याने सरळ लिहिलं की वादळाचा नेमका परिणाम वेगळा काढणं शक्य नाही. मला हा प्रामाणिकपणा आवडला.

हेलीनबद्दल एक सांगायलाच पाहिजे. ते आलं फ्लोरिडात पण उद्ध्वस्त केलं समुद्रापासून शेकडो मैल आत असलेल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरांना. अ‍ॅशव्हिल हे गाव पर्यटकांवर जगतं आणि ऑक्टोबर म्हणजे झाडांचे रंग बघायला लोक येतात तो ऐन सीझन. नदी चढली, कलाकारांचे स्टुडिओ आणि दुकानं वाहून गेली, पण ज्या हॉटेलांत पाण्याचा थेंब शिरला नाही तीही बंदच, कारण शहराच्या नळाला पिण्यालायक पाणी यायला १८ नोव्हेंबर उजाडला, जवळजवळ आठ आठवडे. राज्यात सगळ्यात कमी बेरोजगारी असणाऱ्यांत गणली जाणारी ही काऊंटी महिन्याभरात एकदम दुसऱ्या टोकाला गेली. नुकसानीच्या पंचनाम्यात त्या हॉटेलाच्या भिंती, छप्पर, फर्निचर सगळं ठीक लिहिलं जाणार, धंदा मात्र शून्य. म्हणून पडझड मोजणं आणि धंदा मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

धंद्यावरून आठवलं, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत वॉफल हाऊस नावाची चोवीस तास चालणारी हॉटेलांची साखळी आहे. आपत्ती निवारण खातं म्हणजे फेमा, त्याचे प्रमुख होते क्रेग फ्यूगेट, त्यांनी एक साधी मोजपट्टी लोकप्रिय केली: वॉफल हाऊस पूर्ण मेनूसकट चालू असेल तर हिरवा, थोडेच पदार्थ मिळत असतील तर पिवळा, बंद असेल तर लाल. ऐकायला गंमत वाटते पण यात खूप काही येतं, वीज आहे का, पाणी आहे का, ट्रक पोचतोय का, आणि आचारी कामावर पोचू शकला का. तिमाही फॉर्मला सहा महिने लागतात तिथे हे सकाळी सहाला कळतं. पोर्टो रिकोला २०१७ मध्ये मारिया लागलं तेव्हा तर उपग्रहातून रात्रीचे दिवे मोजले गेले, कुठल्या वस्तीत किती महिने अंधार होता ते. सगळ्या बेटाची वीज यायला जवळजवळ वर्ष लागलं.

आता दुकानं कायमची बंद होतात त्याबद्दल. आपत्तीनंतर ४० टक्के छोटे धंदे परत उघडतच नाहीत, असा एक आकडा तुम्हाला जिथे तिथे दिसेल. माझं म्हणणं, असा आकडा दिसला की आधी विचारा, कुठली आपत्ती, कुठले धंदे, आणि एरवी किती बंद पडतात? कारण अमेरिकेत वादळ नसतानाही नवीन सुरू झालेल्यातले साधारण २० टक्के धंदे पहिल्याच वर्षी बंद पडतात आणि निम्मे पाच वर्षांत. एमेक बास्कर आणि हाविएर मिरांडा यांनी मिसिसिपीच्या किनाऱ्यावर हे नीट मोजलं, कतरिनात कुठल्या इमारतीचं नुकसान झालं आणि त्यातला कुठला धंदा टिकला. पडझड झालेले छोटे धंदे जास्त मेले, आणि त्यातून दिसलं की प्रश्न नुसता पडलेल्या भिंतीचा नव्हता, भिंत परत बांधायला पैसे कोण देणार याचा होता. मोठ्या साखळीच्या दुकानाला हेड ऑफिसमधून पैसे येतात. एकट्याच्या दुकानाला बँक विचारते, तारण काय? आणि तारण तर वाहून गेलेलं असतं.

आणि उलटही होतं. वादळानंतर सुतार, छप्परवाले, इलेक्ट्रिशियन यांना मरणाचं काम असतं, हार्डवेअरची दुकानं रिकामी होतात. एकूण आकडा बघून कुणी म्हणेल की अरे वा, वादळाने रोजगार वाढला. पण वेट्रेसची गेलेली नोकरी आणि बाहेरून आलेल्या छप्परवाल्याची वाढलेली नोकरी यांची बेरीज शून्य आली म्हणून काही झालंच नाही असं होत नाही, ती वेट्रेस काही छपरावर चढणार नाहीये.

यातून एक गोष्ट निघते जी कळायला मला बराच वेळ लागला, की जागेचा हिशोब आणि माणसांचा हिशोब वेगळा. तात्याना डेर्युजिना, लॉरा कावानो आणि स्टीव्हन लेविट यांनी कतरिनाआधी न्यू ऑर्लीन्समध्ये राहणाऱ्या लोकांच्या टॅक्स रिटर्न्सचा वर्षानुवर्षं माग काढला, ते जिथे जातील तिथे. पहिली एकदोन वर्षं कमाई घसरली, मग काही वर्षांत ती तशाच इतर शहरांतल्या लोकांच्या पुढे गेली. शहर छोटं झालं, नोकऱ्या कमीच राहिल्या, पण बरीच माणसं दुसरीकडे जाऊन सावरली. याचा अर्थ वादळ बरं होतं असा कुणी काढला तर मी भांडेन, कारण रिटर्नवर पगार दिसतो, सोडलेलं घर आणि तुटलेली गल्ली दिसत नाही, म्हाताऱ्या आईला अनोळखी गावात ठेवणं दिसत नाही. पण नोकऱ्या बुडाल्या म्हणताना जागेच्या बुडाल्या की माणसांच्या, हे विचारायला हवं.

हे सगळं वाचताना मला सारखी आत्याची श्रीवर्धनची वाडी आठवते. ३ जून २०२० ला निसर्ग आलं, रायगडच्या किनाऱ्यावर लागलं, आणि तिच्या वाडीतल्या पोफळी काडेपेट्या सांडाव्यात तशा एकावर एक पडल्या. नुकसान भरपाई हेक्टरी ठरली आणि वाड्या आहेत गुंठ्यांत, तेव्हा सुरुवातीला हातात किती आलं असेल ते तुम्हीच करा हिशोब. तरी झाडांचा पंचनामा झाला. वाडीवर कामाला येणाऱ्यांचा झाला नाही, तो होतच नाही. आपल्याकडे प्रॉव्हिडंट फंडाच्या नोंदी असतात त्या २० माणसांवरच्या आस्थापनांच्या, पोफळीवर चढून सुपारी काढणारा त्यात कुठून येणार, आणि रोजगाराचा जो देशव्यापी सर्व्हे आहे त्यातून तालुक्याचा आकडा निघत नाही. वर तेव्हा लॉकडाऊन चालू होता, होमस्टे आधीच बंद होते, मुंबईचे चाकरमानी घरी येऊन बसलेले, म्हणजे वादळाने किती गेलं आणि कोरोनाने किती, मिल्टन आणि संपासारखंच, कोण वेगळं करणार.

आत्याकडे जो सुपारी काढायला यायचा त्याने त्या वर्षी जवळजवळ सगळा पावसाळा पडलेली झाडं कापून बाहेर काढायचं काम केलं, त्याला तेव्हा मजुरी चांगली मिळाली, तेवढ्या दोनतीन महिन्यांत कुणी मोजलं असतं तर वादळाने त्याचं भलंच केलं असं निघालं असतं. मग चढायला झाडंच उरली नाहीत. नवीन लावलेली पोफळ फळायला पाच ते सात वर्षं लागतात, तेवढं थांबणार कसं, तो पनवेलला एका सोसायटीत वॉचमन म्हणून लागला. आता आत्याच्या वाडीत तेव्हा लावलेल्या झाडांना पहिली सुपारी धरलीय, आणि तो काढणीच्या दिवसांत दोन दिवसांची रजा टाकून एसटीने येतो.